एक मेल सर्व्हर, अनेक डोमेन: मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून डीएनएस कसं लावायचं

शाळेने पालकांना परीक्षेचं वेळापत्रक मेलने पाठवलं आणि निम्म्या पालकांना ते स्पॅममध्ये सापडलं, की फोन येतो तो मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला. नवखा माणूस अशा वेळी मजकूर बदलून बघतो, फोटो काढून टाकतो, विषयाची ओळ साधी करतो. बहुतेक वेळा दुखणं तिथे नसतंच. हा मेल खरोखर शाळेकडूनच आलाय, हे समोरच्या सर्व्हरला पटलेलं नसतं. ते पटवून द्यायची जागा म्हणजे डीएनएस: डोमेनबद्दलच्या नोंदींची, म्हणजे रेकॉर्डची, सगळ्या जगाला दिसणारी यादी.

एकच डोमेन असेल तर काम सरळ आहे. गोंधळ होतो तो एकाच सर्व्हरवरून तीन-चार डोमेनचे मेल जायला लागले की. कुठली गोष्ट सर्व्हरची आणि कुठली डोमेनची, हेच कळेनासं होतं. मार्केट यार्डातून निघालेला टेम्पो डोळ्यांसमोर आणा. आत तीन दुकानांचा माल आहे. टेम्पोची नंबर प्लेट एकच असते. बिलं मात्र तीन, आणि प्रत्येक बिलावर त्या त्या दुकानाचा शिक्का. दुकानं तीन म्हणून टेम्पोला कोणी तीन प्लेट लावत नाही आणि एका दुकानाचा शिक्का दुसऱ्याच्या बिलावर मारत नाही. मेलचंही अगदी असंच आहे. सर्व्हरचं नाव, त्याचं पीटीआर रेकॉर्ड (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) आणि सर्टिफिकेट ही झाली नंबर प्लेट: एकच. एसपीएफ (कोण पाठवू शकतं याची यादी), डीकिम (मेलवरची सही) आणि डीमार्क (नापास मेलचं काय करायचं ते) हे शिक्के: प्रत्येक डोमेनचे वेगळे.

उदाहरणासाठी तीन डोमेन घेऊ. सर्व्हर ज्याच्या नावावर आहे ते मुख्य.एक्झाम्पल, आणि त्याच सर्व्हरवरून मेल पाठवणारी शाळा.एक्झाम्पल व पतसंस्था.एक्झाम्पल. शेवटी ‘एक्झाम्पल’ असलेली नावं फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेली आहेत, त्यामुळे ती कोणाच्या मालकीची नसतात. सर्व्हरचा आयपी २०३.०.११३.२५ धरू, हा पत्ताही उदाहरणांसाठीच राखीव आहे. रेकॉर्ड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या पॅनलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायचे.

पायरी १: आधी आयपी तपासा

डीएनएसला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, सर्व्हरवरून बाहेरच्या २५ नंबरच्या पोर्टला, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दाराला, जोडणी होते का. अ‍ॅमेझॉन, गूगल यांच्यासारख्या मोठ्या क्लाउडवर ते पोर्ट सुरुवातीला बंद असतं. दुसरी, तुम्हाला मिळालेला आयपी आधीच कुठल्या काळ्या यादीत आहे का. स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहॉसच्या संकेतस्थळावर आयपी टाकला की लगेच कळतं. यादीत असेल तर होस्टिंगवाल्याकडून सरळ दुसरा आयपी मागा, कारण जुन्या भाडेकरूचं पाप धुण्यात आठवडे जातात.

घरच्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर चालवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. घरगुती जोडणीचे आयपी स्पॅमहॉसच्या एका वेगळ्या यादीत मुळातच असतात, कारण त्या पत्त्यांवरून थेट मेल जाणं अपेक्षितच नाही. तिथे कितीही चोख रेकॉर्ड लावले तरी मेल परत येतील.

पायरी २: सर्व्हरला एक पक्कं नाव

सर्व्हरचं नाव ठरवा: मेल.मुख्य.एक्झाम्पल. आता तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

मेल.मुख्य.एक्झाम्पल या नावाचं ए रेकॉर्ड २०३.०.११३.२५ कडे दाखवतं.
२०३.०.११३.२५ या आयपीचं पीटीआर रेकॉर्ड मेल.मुख्य.एक्झाम्पल असं उलट नाव सांगतं.
सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरशी बोलायला सुरुवात करताना, म्हणजे हेलोमध्ये, हेच नाव सांगतो. पोस्टफिक्स हे मेल सॉफ्टवेअर वापरत असाल तर हे ‘मायहोस्टनेम’ या सेटिंगमध्ये असतं.

ए रेकॉर्ड तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये टाकता येतं, पीटीआर मात्र तिथे नाही. आयपी ज्याचा, पीटीआर त्याच्या हातात. म्हणून ते होस्टिंगवाल्याच्या पॅनलमध्ये ‘रिव्हर्स डीएनएस’ अशा नावाखाली शोधायचं, नाहीतर तिकीट टाकून करून घ्यायचं. डोमेनच्या पॅनलमध्ये पीटीआर रेकॉर्ड टाकून वाट बघत बसलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत. ते रेकॉर्ड तिथे निमूट पडून राहतं, जगाला दिसत नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: शाळेचं आणि पतसंस्थेचं पीटीआर वेगळं करायचं का? नाही. एका आयपीला एकच नाव द्या. एका आयपीवर चार पीटीआर टाकता येत असले तरी तपासणाऱ्या सर्व्हरला त्यातलं कुठलं उत्तर मिळेल याचा भरवसा उरत नाही. शाळेच्या डोमेनवरून गेलेला मेल मेल.मुख्य.एक्झाम्पल या सर्व्हरने पोचवला, यात संशय घेण्यासारखं कोणालाच काही वाटत नाही. टेम्पो कोणाचाही असू शकतो.

इथे एक छुपा खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ताही मिळालेला असतो आणि तुमच्या ते लक्षात नसतं. सगळं आयपीव्ही४ वर नीट लावलेलं, तरी जीमेलकडून मेल परत येत होते. दोन दिवस मी एसपीएफ उलटंपालटं करत बसलो. शेवटी लॉग नीट वाचला तेव्हा दिसलं, की सर्व्हर जीमेलशी आयपीव्ही६ वरून बोलत होता आणि त्या पत्त्याला पीटीआरच नव्हतं. तेव्हा एक तर आयपीव्ही६ साठी एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याचं ए रेकॉर्ड), पीटीआर आणि एसपीएफमधली नोंद हे सगळं करा, नाहीतर मेल सॉफ्टवेअरला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसरा मार्ग घ्यावा.

क्लाउडफ्लेअर या सेवेवर डीएनएस असेल तर मेल.मुख्य.एक्झाम्पल समोरचा ढग राखाडी ठेवा. केशरी ढग म्हणजे प्रॉक्सी (मधला मध्यस्थ), आणि मेलची वाहतूक त्या प्रॉक्सीतून जात नाही.

पायरी ३: एमएक्स

डोमेनला येणारा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा, ते एमएक्स रेकॉर्ड सांगतं. तिन्ही डोमेनचं एमएक्स एकाच नावाकडे दाखवा:

मुख्य.एक्झाम्पल → एमएक्स १० मेल.मुख्य.एक्झाम्पल
शाळा.एक्झाम्पल → एमएक्स १० मेल.मुख्य.एक्झाम्पल
पतसंस्था.एक्झाम्पल → एमएक्स १० मेल.मुख्य.एक्झाम्पल

मेल.शाळा.एक्झाम्पल असं वेगळं नाव करायचा मोह होतो, पण मग सर्टिफिकेटमध्ये प्रत्येक नाव घालत बसावं लागतं. एकच नाव, एकच सर्टिफिकेट. फोनवर मेल जोडतानाही सगळ्यांना तेच नाव द्या. एमएक्समध्ये आयपी लिहायचा नसतो आणि ज्या नावाकडे एमएक्स दाखवतो ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं रेकॉर्ड) असू नये, त्याला थेट ए रेकॉर्ड हवं.

पायरी ४: एसपीएफ, कोणाला परवानगी आहे

या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी म्हणजे एसपीएफ. ते टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर ठेवणारं, रेकॉर्ड असतं. सर्वात साधं रूप असं:

व्ही=एसपीएफ१ आयपी४:२०३.०.११३.२५ ~ऑल

हे तिन्ही डोमेनवर टाकलं तरी काम होतं. पण उद्या आयपी बदलला की तिन्हीकडे जाऊन बदलावं लागेल, आणि शाळेच्या डोमेनचा पासवर्ड ज्या सरांकडे होता ते तोवर निवृत्त झालेले असतात. म्हणून मुख्य डोमेनवर एक सामाईक यादी ठेवा आणि बाकीच्यांनी तिचा हवाला द्यावा:

_एसपीएफ.मुख्य.एक्झाम्पल → व्ही=एसपीएफ१ आयपी४:२०३.०.११३.२५ ~ऑल
शाळा.एक्झाम्पल → व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:_एसपीएफ.मुख्य.एक्झाम्पल ~ऑल
पतसंस्था.एक्झाम्पल → तसंच

मुख्य.एक्झाम्पललाही हेच द्या. आयपी बदलला की एकाच ठिकाणी बदल. आतल्या यादीच्या शेवटचं ‘ऑल’ बाहेरच्या डोमेनला लागू होत नाही, म्हणून प्रत्येक डोमेनने आपलं ‘ऑल’ लिहिलंच पाहिजे.

एसपीएफमध्ये लोक हमखास अडकतात ते असे. एका डोमेनला एसपीएफचं एकच रेकॉर्ड चालतं. जुनं रेकॉर्ड तसंच ठेवून खाली नवं टाकलं की दोन्ही मिळून चूक ठरते आणि तपासणी नापास होते. नवा पाठवणारा आला तर त्याच ओळीत भर घाला. दुसरं, हे रेकॉर्ड तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस चौकशांची मर्यादा आहे. ‘इन्क्लूड’, ‘ए’, ‘एमएक्स’ यांची प्रत्येकी एक चौकशी मोजली जाते, आणि इन्क्लूडच्या आतले इन्क्लूडही मोजले जातात. ‘आयपी४’ आणि ‘आयपी६’ मोजले जात नाहीत. बातमीपत्र पाठवणारी एक सेवा, फॉर्मची एक सेवा, बिलिंगची एक सेवा असं करत करत दहाचा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. तिसरं, एसपीएफ उपडोमेनला आपोआप लागू होत नाही. सूचना.शाळा.एक्झाम्पलवरून मेल जात असेल तर त्याला वेगळं रेकॉर्ड लागतं.

आणि एक गोष्ट बहुतेक मार्गदर्शकांत राहून जाते. मेल पोचला नाही म्हणून परत जाणारा निरोप रिकाम्या पाठवणाऱ्याच्या नावाने जातो. तेव्हा एसपीएफ तपासलं जातं ते हेलोमधल्या नावावर. म्हणून खुद्द मेल.मुख्य.एक्झाम्पललाही एक छोटं रेकॉर्ड द्या:

मेल.मुख्य.एक्झाम्पल → व्ही=एसपीएफ१ ए -ऑल

शेवटी तरंगती रेघ (~, यादीबाहेरचा मेल संशयित समजा) की वजाचं चिन्ह (-, तो नाकारा), यावर वाद चालतात. माझं मत स्पष्ट आहे: डोमेनवर तरंगती रेघ ठेवा आणि कडकपणा डीमार्कवर सोडा. वजाचं चिन्ह दिसताच काही सर्व्हर डीकिम न बघताच मेल नाकारतात, आणि एखाद्याने आपला मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवून ठेवला असेल तर त्यात त्याचा खरा मेलही जातो.

पायरी ५: डीकिम, प्रत्येक दुकानाचा शिक्का

एकाच सर्व्हरवर अनेक डोमेन असताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

डीकिममध्ये सर्व्हर प्रत्येक मेलवर खाजगी किल्लीने सही करतो आणि त्या किल्लीची सार्वजनिक जोडी डीएनएसमध्ये असते. सहीत ‘डी=’ असा एक भाग असतो. ही सही कोणत्या डोमेनच्या वतीने केली, ते तो सांगतो. शाळेच्या पत्त्यावरून गेलेल्या मेलवर ‘डी=शाळा.एक्झाम्पल’ हवं. सॉफ्टवेअर लावताना आपण मुख्य डोमेनची एक किल्ली बनवतो आणि सगळ्याच मेलवर ‘डी=मुख्य.एक्झाम्पल’ अशी सही होऊ लागते. तपासलं तर डीकिम पास दिसतं, आपण खूश होतो. पण सही एका डोमेनची आणि पाठवणारा दुसऱ्या डोमेनचा, त्यामुळे डीमार्कच्या हिशेबात ती सही शून्य. दुसऱ्याच दुकानाचा शिक्का मारलेलं बिल आहे ते.

म्हणून प्रत्येक डोमेनसाठी वेगळी किल्ली बनवा. सही करायला ओपनडीकिम हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘कीटेबल’ आणि ‘साइनिंगटेबल’ या दोन फायलींत कुठल्या डोमेनला कुठली किल्ली ते लिहायचं असतं. त्याऐवजी आरस्पॅमडी असेल तर किल्लीच्या फाइलच्या नावात डोमेनचं नाव घालून ते आपोआप जुळवता येतं.

किल्ली २०४८ बिटची घ्या. जीमेल १०२४ बिटपेक्षा छोटी किल्ली मानत नाही, आणि आज नव्याने १०२४ ची किल्ली बनवण्याचं काही कारण नाही. किल्लीला एक नाव द्यावं लागतं, त्याला सिलेक्टर म्हणतात. ‘डीफॉल्ट’ किंवा ‘मेल’ असं न देता वर्ष आणि महिना द्या, उदाहरणार्थ ‘एस२०२५०६’. पुढे किल्ली बदलताना जुनी कुठली आणि नवी कुठली, यात घोळ होत नाही. रेकॉर्डचं नाव असं होतं:

एस२०२५०६._डोमेनकी.शाळा.एक्झाम्पल

मजकुरात ‘व्ही=डीकिम१; के=आरएसए; पी=’ आणि पुढे किल्लीची लांबलचक अक्षरं. टीएक्सटी रेकॉर्डमध्ये एका तुकड्यात २५५ च अक्षरं मावतात आणि २०४८ बिटची किल्ली त्याहून लांब असते. बरीचशी पॅनल तिचे तुकडे स्वतः करतात. जी करत नाहीत तिथे अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून द्यावे लागतात. चिकटवताना मध्ये एखादी नवी ओळ शिरली किंवा शेवटचं अक्षर सुटलं की सही कायमची नापास, त्यामुळे टाकल्यावर रेकॉर्ड परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघा.

पॅनलमधली आणखी एक नेहमीची चूक: नावाच्या खान्यात पूर्ण नाव लिहिलं आणि पॅनलने मागे स्वतःहून डोमेन जोडलं. मग रेकॉर्ड तयार होतं ते ‘..._डोमेनकी.शाळा.एक्झाम्पल.शाळा.एक्झाम्पल’ या नावाने. बहुतेक पॅनलना फक्त ‘एस२०२५०६._डोमेनकी’ एवढंच हवं असतं.

दुसऱ्यांची डोमेन सांभाळत असाल तर इथेही सामाईक सोय होते. शाळेच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी न टाकता सीनेम टाका आणि ते तुमच्या डोमेनवरच्या एका नावाकडे दाखवा. शाळेची सार्वजनिक किल्ली तिथे ठेवा. किल्ली बदलायची वेळ आली की शाळेच्या पॅनलमध्ये जावं लागत नाही. असे दोन सीनेम आधीच करून ठेवलेत तर दोन किल्ल्या आलटून पालटून वापरता येतात.

पायरी ६: डीमार्क

नापास मेलचं काय करायचं, हे समोरच्या सर्व्हरला डीमार्क सांगतं. त्यासाठी ते दोन गोष्टी विचारतं. एसपीएफ किंवा डीकिमपैकी निदान एक पास झालंय का, आणि ज्या डोमेनसाठी पास झालं ते पाठवणाऱ्याच्या दिसणाऱ्या पत्त्याशी जुळतंय का. मेल दुसरीकडे वळवला की एसपीएफ मोडतं, डीकिमची सही मात्र बहुधा टिकते. दोन्ही लावायचं ते त्यासाठीच.

सुरुवात अशी करा:

_डीमार्क.शाळा.एक्झाम्पल → व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:अहवाल@मुख्य.एक्झाम्पल

‘पी=नन’ म्हणजे नापास मेलचंही काही करू नका, फक्त मला कळवा. गूगल, याहू यांच्यासारख्या मोठ्या सेवा मग त्या पत्त्यावर एक्सएमएल स्वरूपातले अहवाल पाठवतात.

तिन्ही डोमेनचे अहवाल एकाच पत्त्यावर मागवणं सोयीचं आहे. पण शाळेचा अहवाल मुख्य.एक्झाम्पलवर जायचा असेल, तर मुख्य.एक्झाम्पलने तो स्वीकारायची तयारी डीएनएसमध्ये जाहीर करावी लागते:

शाळा.एक्झाम्पल._रिपोर्ट._डीमार्क.मुख्य.एक्झाम्पल → व्ही=डीमार्क१

पतसंस्थेसाठीही असंच एक. हे रेकॉर्ड नसेल तर अहवाल पाठवणारा गप्प राहतो आणि आपल्याला वाटतं की सगळं आलबेल आहे.

अहवाल तीन-चार आठवडे खरोखर वाचा. विसरलेले पाठवणारे तिथे सापडतात: संकेतस्थळाचा चौकशी फॉर्म, कोणीतरी तीन वर्षांपूर्वी लावलेली बातमीपत्राची सेवा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून थेट जाणारी बिलं. प्रत्येकाला एसपीएफमध्ये किंवा डीकिममध्ये जागा द्या. मग ‘पी=क्वारंटाइन’ (नापास मेल स्पॅममध्ये टाका) करा, आणखी काही आठवड्यांनी ‘पी=रिजेक्ट’ (सरळ नाकारा). पतसंस्थेसारख्या पैशांशी संबंध असलेल्या डोमेनवर ‘रिजेक्ट’पर्यंत जायलाच हवं, कारण तिच्या नावाने ठेवीदारांना फसवे मेल पाठवणारे लोक असतात आणि हा एक अडसर त्यांची वाट खरोखर अवघड करतो.

गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केले. प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकिम लागतं, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या मोफत मेलसेवेसाठी मे २०२५ पासून मोठ्या पाठवणाऱ्यांकडून हेच मागायला सुरुवात केली. तुमचे मेल दिवसाला पन्नास असले तरी तिन्ही लावा.

पायरी ७: मेल न पाठवणारी डोमेन

नाव राखून ठेवण्यासाठी घेतलेली, मेल न वापरणारी डोमेनही उघडी सोडू नका. त्यांना तीन रेकॉर्ड द्या: एसपीएफ ‘व्ही=एसपीएफ१ -ऑल’, डीमार्क ‘पी=रिजेक्ट’, आणि ‘एमएक्स ०’ पुढे फक्त एक टिंब. हे डोमेन मेल घेतही नाही, पाठवतही नाही, असा त्याचा अर्थ.

देवनागरीतलं .भारत डोमेन घेतलं असेल तर डीएनएसमध्ये त्याचं ‘एक्सएन’ने सुरू होणारं रूपच लिहावं लागतं, वरच्या सगळ्या रेकॉर्डमध्येही. देवनागरी मेल पत्ता अजून सगळे सर्व्हर स्वीकारत नाहीत, म्हणून संस्थेचा अधिकृत पत्ता रोमन डोमेनवर ठेवणं आज तरी शहाणपणाचं आहे.

पायरी ८: पडताळणी

लिनक्सवर ‘डिग’ ही कमांड पुरते. ‘डिग +शॉर्ट एमएक्स शाळा.एक्झाम्पल’ अशी एमएक्ससाठी, ‘डिग +शॉर्ट -एक्स २०३.०.११३.२५’ अशी पीटीआरसाठी. बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नका, जुनं उत्तर टीटीएल (उत्तर किती वेळ साठवायचं ती मुदत) संपेपर्यंत साठवलेलं असतं. मोठा बदल करण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० सेकंदांवर आणून ठेवलं तर वाट बघावी लागत नाही.

मग प्रत्येक डोमेनवरून एकेक मेल जीमेलच्या पत्त्यावर पाठवा. एकाच डोमेनवरून तपासून थांबू नका. आलेला मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून त्याचं मूळ रूप बघा. वरच एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्हींपुढे पास दिसायला हवं. नुसत्या ‘पास’वर समाधान मानू नका, डीकिमच्या ओळीत कुठल्या डोमेनचं नाव आहे तेही वाचा. शाळेच्या मेलवर शाळेचंच नाव हवं.

तिन्ही पास असूनही मेल स्पॅममध्ये जात असेल, तर कारण डीएनएसबाहेर आहे. नव्या आयपीची पत तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी हजार पालकांना मेल न पाठवता पन्नास-शंभरपासून वाढवत न्या. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये प्रत्येक डोमेन जोडून ठेवा. पुरेसे मेल जात असतील तर तिथे किती लोकांनी स्पॅम म्हणून तक्रार केली ते दिसतं. गूगल हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगतं आणि ०.३ टक्क्यावर जाऊ देऊ नका म्हणतं. एका डोमेनच्या एखाद्या खात्याचा पासवर्ड फुटून तिथून स्पॅम गेला, तर त्याचा फटका तिन्ही डोमेनना बसतो, कारण आयपी एकच आहे. म्हणून प्रत्येक खात्याला ताशी किती मेल पाठवता येतील यावर मर्यादा घाला. प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ आणि ‘अब्यूज’ हे पत्ते उघडा आणि त्यांवरचे मेल कोणीतरी वाचेल असं बघा.